ब्याण्णव ठोक्यांचा जबाब

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. सहीनिशी, शिक्क्यानिशी खोटं लिहिलंत. नोटिशीत म्हणता, 'सदर निर्लेखित उपकरण मोजणीस अयोग्य होते.' मला एकदा तरी कानाला लावून बघितलंत? नाही. खाकी पाकिटात घातलंत, चार पिना मारल्यात, वर 'पुरावा' असं लिहिलंत आणि टेबलाच्या कोपऱ्यात सारून दिलंत. आता त्या पाकिटावर तुमचा चहाचा कप असतो. आतून मला सगळं ऐकू येतं, साहेब. ऐकणं एवढंच तर मला येतं.

मित्रांनो, घाबरू नका. माझं भांडण तुमच्याशी नाही. मी एक जुना फिटोस्कोप आहे. नाव जड असलं तरी वस्तू साधी. अॅल्युमिनियमची वीतभर पोकळ नळी. एक टोक धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट, ते गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं. दुसऱ्या टोकाला चपटी चकती, तिला नर्स कान लावते. पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके माझ्यातून ऐकू येतात. मला बटण नाही, बॅटरी नाही. समोर घड्याळ ठेवून मिनिटभर मोजायचं. एकशेवीस ते एकशेसाठ भरले तर बाळ मजेत आहे. फार कमी भरले तर बाळ गुदमरतंय, धावायचं.

दीपाली सिस्टरची नोकरी राहणार की जाणार, ते येत्या सोमवारी ठरणार आहे. तिचा गुन्हा एवढाच की तिने माझं ऐकलं. म्हणून मला आजच बोलायला हवं.

माझा जन्म पुण्यातल्या एका लेथच्या दुकानात झाला. तिथून मी नर्सांच्या शाळेत गेलो. साल एकोणऐंशी. तिथे मी लीलाबाईंच्या हाती पडलो. लीलाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. भोरकडच्या. 'लोकांचं हगणंमुतणं काढायला जातेस?' असं म्हणून त्यांचे वडील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नव्हते. शाळेच्या भिंतीवर दिवा घेतलेल्या गोऱ्या बाईची तसबीर होती. मेट्रनबाई त्या तसबिरीखाली उभ्या राहून शिकवायच्या.

त्यांनी शिकवलेलं सगळं मी ऐकलंय. आपल्याकडे पहिल्यांदा नर्स झाल्या त्या बहुतेक विधवा, टाकलेल्या नाहीतर मिशनच्या आसऱ्याला गेलेल्या बायका. 'चांगल्या घरातली' मुलगी कुणी पाठवत नसे. त्यांच्या आधी होत्या सुइणी. बाळाला हात लावायला सुईण चालायची, घरातल्या कपाला चालायची नाही. नाळ कापून झाली की तिने ओसरीखाली बसायचं. मग दवाखाने आले आणि त्यांच्यात शिस्त आली ती पलटणीतून. हुद्दे आले, गणवेश आला. डॉक्टर आत आला की हातातलं टाकून उभं राहायचं. शपथ आली. त्या शपथेत डॉक्टरांशी निष्ठा आधी होती, आजाऱ्याची काळजी नंतर. लीलाबाईंनी ती पाठ केली. मी त्यांच्या पिशवीत होतो, माझीही पाठ झाली.

स्वातंत्र्यानंतर सरकारच्या लक्षात आलं की डॉक्टर काही डोंगरात जात नाहीत. मग सरकारने एक नवी बाई तयार केली. दीड-दोन वर्षं शिकवली आणि गावात पाठवली. तिच्या हुद्द्यात 'सहायक' हा शब्द घातला. मित्रांनो, मला या शब्दाचा राग येतो. सहायक कुणाची? जिथे ती एकटी होती तिथे डॉक्टर नव्हताच. बाळंतपण तिने करायचं, लस तिने टोचायची, हिवतापाच्या गोळ्या तिने वाटायच्या, नसबंदीचं टार्गेट तिने भरायचं, आणि टार्गेट भरलं नाही की उभं राहून शिव्या तिनेच खायच्या. काम सगळं तिचं. ठरवायचा हक्क मात्र लांब कुठल्यातरी खुर्चीत ठेवला. सुइणीला ओसरीखाली बसवलं होतं ना, तसंच हे. फक्त हिला पांढरी साडी दिली.

लीलाबाई त्यातल्याच एक, त्यांना मुळशीतलं उपकेंद्र मिळालं. धरणाच्या पाण्यापलीकडच्या डोंगरात धनगरवाडे आहेत. आठवड्यातून दोनदा त्या चढून जायच्या. तिथे त्यांची गाठ तानूबाईशी पडली. तानूबाई त्या वाड्यावरची सुईण. पहिल्या दिवशी तानूबाईने मला उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "ह्या तुतारीत ऐकायचं काय? मी तर नुसता कान लावती." मग तिने माझ्यातून ऐकलं आणि बराच वेळ डोकंच वर केलं नाही.

शिकणं एकतर्फी नव्हतं हं. माझं थंडगार टोक पोटावर टेकलं की बाई दचकायची. तानूबाईनेच लीलाबाईंना सांगितलं, "आधी काखंत धर त्याला. उबदार झालं की लाव." हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि लीलाबाईंनी तानूबाईला शिकवलं की मला पोटावर टेकवलं, कान लावला, की हात सोडायचा. हाताने धरून ठेवलं तर बोटांचीच खसखस ऐकू येते. बाळाचं ऐकायचं तर स्वतःचा हात काढून घ्यावा लागतो. लीलाबाई तानूबाईच्याच घरी, तिच्याच ताटलीत जेवायच्या. चाळीस वर्षं आम्ही त्या डोंगरात ऐकत हिंडलो. मला पोचे पडले. लीलाबाईंच्या गुडघ्यांचं वंगण संपलं.

त्या निवृत्त झाल्या आणि दीपाली आली. पुण्याजवळच्या माणची मुलगी. ज्या शेतात तिचा आजा भात लावायचा तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि तिचे आईबाप खोल्या भाड्याने देतात. तिने नर्सिंग केलं ते मोबाइलच्या दुकानावरच्या माळ्यावर चालणाऱ्या कॉलेजात. बाळंतपण शिकली रबराच्या बाहुलीवर. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली आज महाळुंग्याच्या टॉवरांमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करतात. त्यांना 'सिस्टर' म्हणतात, आणि दुपारी भांडीही घासायला लावतात. लिफ्ट मात्र वेगळी. दीपालीला सरकारी काम मिळालं, पण ऑर्डर अकरा महिन्यांची. दर अकरा महिन्यांनी तिची नोकरी मरते आणि तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांची सही झाली की जिवंत होते.

जाता जाता लीलाबाईंनी मला तिच्या हातात दिलं. "रबराची बाहुली विसर," त्या म्हणाल्या. "हा कान लावायला शीक." ती सहा महिने शिकत होती. आधी तिला स्वतःच्याच कानातला घोंघाट ऐकू यायचा. मग एक दिवस लांबून, उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली आणि ती गर्रकन वळून पेशंटलाच म्हणाली, "अगं, आहे!"

पुढे यंत्रं आली. पोटावर जेल लावायची, यंत्र टेकवायचं, आकडा दिसतो. तो आकडा फोनमधल्या ॲपमध्ये भरायचा. ठीक असला तर हिरवी पट्टी येते. यंत्र चांगलं आहे, मी त्याचा दुस्वास करत नाही. पण यंत्रं आली तशी परिपत्रकंही आली. जुने फिटोस्कोप गोळा करा, त्यांचं निर्लेखन करा. निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तूचं नाव रजिस्टरमधून लाल शाईने खोडणं. दीपालीने रजिस्टरमध्ये 'जमा' असं लिहिलं, आणि मला जमा केलं नाही. पर्समध्ये ठेवलं. हे चूक होतं. मी लपवणार नाही.

आता त्या दुपारची गोष्ट.

एप्रिल होता. मंगळवार, लसीकरणाचा दिवस. दीपाली धनगरवाड्यावर पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. तानूबाई आता सत्तरीची आहे. तिची सून सोनिया बाजेवर बसली होती. नववा महिना. तोंड पांढरं पडलेलं, आणि बाजेची दोरी मुठीत आवळून धरलेली.

"आजी, हिला कळा कधीपासून आहेत?" दीपालीने विचारलं.

"कसल्या कळा? शेरडांमागं हिंडलीया, पाठ धरलीया तिची."

"सोनिया, तू सांग."

सोनियाने सासूकडे बघितलं. "फाटेपासून हायेत," ती पुटपुटली.

तानूबाईने कपाळाला हात लावला. "बोललीस? आता नेत्याल बघ तुला पुण्याला. पोट फाडत्याल. माझ्या हातानं हितं सतरा जन्मल्यात, येकाचंबी पोट फाडलं न्हाई."

दीपालीने पिशवीतून यंत्र काढलं. तिने जेल लावली, यंत्र टेकवलं. खरखर झाली आणि आकडा आला, एकशेचोवीस. ॲपमध्ये भरला. हिरवी पट्टी. तरी सोनियाचा चेहरा तिला बरा दिसेना. पाण्याच्या टाकीवर चढलं की वाड्यावर फोन लागतो. तिने टाकीच्या पायरीवर उभं राहून साहेबांना फोन लावला. मी पर्समध्ये होतो. साहेब, तुमचा शब्द न् शब्द मी ऐकलाय.

"रीडिंग किती?"

"एकशेचोवीस, सर. पण पेशंट..."

"मग पण काय? हिरवं आलंय ना? एकशेआठला फोन करा, गाडी आली की केंद्रावर आणा."

"सर, केंद्रावर आज डॉक्टर नाहीत. ट्रेनिंगला गेलेत."

"चार वाजता येतील. आणि हे बघा, परस्पर पुण्याला पाठवायचं नाही. गेल्या महिन्यात आपले रेफर जास्त झालेत, वर मला उत्तरं द्यावी लागतात. नर्सने नर्सचं काम करावं."

फोन बंद. एकशेआठची गाडी दोन तासांनी येणार होती, ती दुसऱ्या खेपेत अडकली होती.

दीपाली परत आली. यंत्र पुन्हा टेकवलं आणि डाव्या हाताने सोनियाचं मनगट धरलं. यंत्रातला आवाज आणि बोटाखालची नाडी एका चालीत जात होत्या. एकही ठोका मागेपुढे नाही. दीपालीला कळून चुकलं. यंत्र बाळाला मोजतच नव्हतं. उन्हाने, भीतीने धावणारी आईची नाडी ते मोजत होतं, आणि फोन त्याला हिरवी पट्टी देत होता.

तिने पर्स उघडून मला बाहेर काढलं. क्षणभर काखेत धरलं. मग बाळाची पाठ चाचपून तिथे टेकवलं, कान लावला आणि हात सोडला.

"कुणी बोलू नका."

बाहेर शेरडं ओरडत होती. सोनियाचा नवरा म्हसू त्यांना हाकलायला धावला. कळ आली, कळ गेली. मी ऐकलं, तिने मोजलं. ब्याण्णव. पुढच्या कळेनंतर पुन्हा ब्याण्णव. कळ ओसरली की ठोके लगेच चढायला हवेत. चढत होते, पण फार उशिरा.

"पुण्याला न्यायला लागेल. आत्ता," दीपाली म्हणाली.

"न्हाई," तानूबाई दारात आडवी उभी राहिली. "मी न्हाई नेऊ देनार. तुजं मिशीन तर हिरवं म्हनलं ना? मी बगितलंय की फोनवरचं."

"मशीन चुकलंय, आजी."

"मंग तू कशावरनं बरुबर?"

दीपालीने मला उचलून तानूबाईच्या हातात दिलं. "तुमीच ऐका."

तानूबाई गुडघे धरत खाली बसली. किती वर्षांनी तिचा कान माझ्यावर टेकला. तिला घड्याळ वाचता येत नाही, शंभरापर्यंत आकडेही येत नाहीत. पण कळ आली, गेली, आणि मला कळलं की तिचा श्वास थांबलाय. तिने डोकं उचललं तेव्हा तिच्या आवाजातला ताठा गेला होता.

"दमलंय गं ते. चढनीला दमल्यालं कोकरू बसतंय तसं बसाय लागलंय." मग ती एकदम म्हसूवर ओरडली, "आरं बगतोस काय बैलावानी? कैलासची दुदाची गाडी बोलीव!"

कैलासची पिकअप. दुधाचे कॅन उतरवले, घोंगड्या अंथरल्या, सोनियाला डाव्या कुशीवर निजवलं. दीपाली तिच्या पोटाशी बसली. पौड येईपर्यंत गाडी दोनदा थांबवली, दोनदा मोजलं. गाडी चालू असताना माझ्यातून फक्त इंजिन ऐकू येतं. पौडला अठ्ठ्याऐंशी.

तिथून दीपालीने मोठ्या दवाखान्याच्या लेबर रूमला फोन लावला. पलीकडे एक सिस्टर होती, नाव काही सांगितलं नाही तिने.

"ठोके कशावर घेतले?"

"फिटोस्कोपवर."

"आईची नाडी धरून?"

"हो. आई एकशेचोवीस, बाळ अठ्ठ्याऐंशी."

"थेट वर आणा. मी टेबल तयार ठेवते."

बघा मित्रांनो. ॲप विचारलं नाही, हुद्दा विचारला नाही. एका बाईने ऐकलेलं दुसऱ्या बाईने खरं मानलं.

भुकूमला गाडी अडकली. नव्या इमारतींना काँक्रीट नेणारे तीन मिक्सर रस्ता अडवून उभे. कैलास खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ए भैया, बाजू ले! डिलिव्हरी है!"

"तो हमारी भी डिलिव्हरी है, साइट पे," मिक्सरवाला हसला.

मागून तानूबाई उठून उभी राहिली. हातातली काठी तिने मिक्सरच्या दाराला हाणली. "मुडद्या, हितं लेकरू मरतंय माजं!" मिक्सरवाल्याला मराठी किती कळलं ठाऊक नाही. त्याने पिकअपमध्ये वाकून बघितलं, त्याचं हसू गेलं, आणि स्वतः खाली उतरून त्याने पुढचे दोन मिक्सर मागे घ्यायला लावले. त्या थांब्यावर चौऱ्याऐंशी होते. दीपालीने तो आकडा कुणाला सांगितला नाही.

दवाखान्यात पोचल्यावर मला ट्रेमध्ये टाकलं, मी दाराबाहेर राहिलो. आत काय झालं ते ऐकलेलं सांगतो. बाळाच्या गळ्याला नाळेचे दोन वेढे होते. मुलगी. निळी आली. बराच वेळ रडली नाही. बाहेर तानूबाई भिंतीला टेकून उभी होती आणि दीपालीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. मग आतून आवाज आला. माझ्याशिवाय, कान न लावताही बाहेर ऐकू यावा एवढा मोठा. तानूबाई खाली बसली आणि म्हणाली, "फाडलं का पोट? बरं केलं बाई. बरं केलं."

संपायला हवी होती ना गोष्ट? नाही.

दीपालीने त्या संध्याकाळी सोनियाच्या कार्डावर सगळं खरं लिहिलं. वेळ, ठोके, आणि पुढे शब्द लिहिला 'फिटोस्कोप'. तो एक शब्द लिहिला नसता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण लीलाबाईंनी तिला शिकवलं होतं, जे ऐकलं ते लिहायचं. आठव्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. एक, निर्लेखित उपकरण बाळगलं. दोन, ॲपवर सामान्य नोंद असताना अधिकार नसताना वेगळा निष्कर्ष काढला. तीन, वरिष्ठांचा आदेश डावलून पेशंट परस्पर पुण्याला हलवला. मला तिच्याकडून काढून घेतलं आणि नव्या ऑर्डरवरची सही थांबवली.

तिने चार पानी खुलासा दिला. साहेबांनी त्यावर दोन शब्द लिहिले, 'खुलासा असमाधानकारक'. तानूबाई मुलीला घोंगडीत घेऊन कार्यालयात आली होती. मी टेबलावर होतो.

"मी आजी हिची. मला इचारा काय इचारायचं त्ये. म्या माझ्या कानानं आयकलंय."

"आजी, तुमची साक्ष चालत नाही. तुम्ही तज्ज्ञ नाही."

"आन् तुमी?" तानूबाई म्हणाली. "तुमी तितं हुता का?"

शिपायाने तिला बाहेर बसायला सांगितलं. पायऱ्यांवर.

आता धनगरवाड्यावर कुणी जात नाही. दीपालीला तिथे जायची मनाई आहे, तिच्या जागी दुसरी नर्सही दिलेली नाही. अजून दोन बायका गरोदर आहेत तिथे. त्यांच्या बाळांचं कोण ऐकतंय?

मित्रांनो, माझी विनंती छोटी आहे. मला काचेच्या कपाटात ठेवा असं मी म्हणत नाही. मी पोचे पडलेला पत्रा आहे, भंगारात गेलो तरी चालेल. तुमच्या घरी, गावात, दवाखान्यात जी बाई तुमचं अंग पुसते, सुई टोचते, उशाशी बसते, तिने 'काहीतरी बरोबर नाही' असं म्हटलं तर तिला गप्प करू नका. ती काय म्हणतेय ते आधी ऐका. शंभर वर्षं तिला फक्त आज्ञा पाळायला शिकवलं, आणि तरी ती ऐकायला शिकली. हे तिचं तिने कमावलंय, कुणी दिलेलं नाही. ते जपा. ते मोडलं की पुन्हा लेथवर बनवता येत नाही.

आणि साहेब, आता तुम्ही. पाकिटावरचा कप बाजूला घ्या. दीपालीने तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं लेखी दिली आहेत. माझा एकच प्रश्न आहे. त्या दुपारी तिने तुमचं ऐकलं असतं, हिरवी पट्टी बघत चार वाजेपर्यंत बाजेशी बसून राहिली असती, आणि ती मुलगी पोटातच गेली असती, तर नोटीस निघालीच असती ना? ती कुणाच्या नावाने निघाली असती?

हुद्दा नको. नाव सांगा.